अमोनियम बायकार्बोनेट: पीओपीची मूर्ती ड्रममध्ये विरघळते म्हणजे नेमकं काय होतं?

मुलुंडच्या एका सोसायटीतल्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या इमारतीत पंधरा घरगुती गणपती पीओपीचे आहेत, सरासरी दोन-दोन किलोचे. समितीचं म्हणणं असं की तलावावर रांग लावण्यापेक्षा गच्चीवर ड्रम ठेवून अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विसर्जन करावं. मग हे रसायन असतं काय, कुठली ग्रेड घ्यायची, किती लागेल, खायच्या सोड्यावर भागेल का, वास घातक आहे का आणि उरलेलं पाणी खत म्हणून झाडांना घालता येतं का, असं सगळं त्यांनी एका दमात विचारलंय. शेवटी एक ओळ जोडली आहे: ‘अमोनियम हे नाव ऐकूनच आमचे काही सभासद घाबरलेत.’

ताई, मी मशीद बंदरच्या बाजारात हा आणि असले बाकीचे क्षार विकतो, आणि त्याआधी ते बनवणाऱ्या प्लांटवर नोकरी केली आहे. म्हणजे तुम्ही माल घेतलात तर धंदेवाल्यांचाच फायदा. तरीही खाली दोन-तीन ठिकाणी ‘घेऊ नका’ असंच सांगणार आहे.

आधी घाबरलेल्या सभासदांचं बघू. २०२० साली बैरूतच्या बंदरात जो स्फोट झाला तो अमोनियम नायट्रेटचा. त्यातला नायट्रेट हा भाग स्वतःच ऑक्सिजन पुरवतो, म्हणून तो पदार्थ धोकादायक. आपल्याकडे त्याच्या साठ्यासाठी आणि विक्रीसाठी २०१२ पासून वेगळे नियम आहेत, परवाना लागतो. बायकार्बोनेटचा त्याच्याशी फक्त आडनावापुरता संबंध. हा क्षार पेटत नाही, स्फोट होत नाही. तापवला तर त्यातून जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो आग विझवायच्याच कामाचा. शिवाय तुमच्या घाबरलेल्या सभासदांनी तो आयुष्यभर चहाबरोबर खाल्लेला आहे. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांच्या यादीत ‘रेझिंग एजंट ५०३’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडतं. तोच हा.

अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या तिघांच्या संयोगातून हा क्षार तयार होतो. अमोनियाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचं, पांढरे स्फटिक तळाशी बसतात, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पाणी काढायचं आणि गार हवेवर सुकवायचे. गरम हवा चालत नाही, का ते पुढे येईलच. खताच्या कारखान्यात अमोनिया बनवताना कार्बन डायऑक्साइड आपोआपच मोकळा होतो, त्यामुळे दोन्ही कच्चे माल एकाच कुंपणात मिळतात. आपल्या चेंबूरला आरसीएफ या सरकारी खत कंपनीच्या ट्रॉम्बे कारखान्यातही हा माल निघतो. बाजारात याला कोणी पूर्ण नावाने बोलवत नाही. बिलावर ‘एबीसी’ असतं आणि बेकरीवाला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतो.

या क्षाराचा एकच स्वभाव पक्का लक्षात ठेवा, बाकी सगळी उत्तरं त्यातून निघतात. याची घडी फार सैल आहे. मीठ किंवा धुण्याचा सोडा तुम्ही कितीही तापवा, तव्यावर काहीतरी उरतंच. एबीसी पस्तीस-छत्तीस अंशांच्या पुढे हळूहळू सुटायला लागतो आणि साठ अंशांपर्यंत झपाट्याने सुटतो. ज्या तिघांतून बनला त्या तिघांतच परत जातो: अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ. मागे कणही राहत नाही. एक किलो एबीसीमध्ये साधारण २१५ ग्रॅम अमोनिया बांधलेला असतो. मोकळा झाला तर मुंबईच्या हवेत तो तीनशे लिटरच्या वर जागा घेतो.

मालाची परीक्षाही यातूनच होते. उघड्या खिडकीशी, स्टीलच्या जुन्या पळीत चिमूटभर माल घ्यायचा आणि मंद आचेवर धरायचा. आधी कडा ओलसर दिसतात, मग नाकात झिणझिण्या येतात, पांढरे खडे आक्रसत जातात आणि मिनिटा-दोन मिनिटांत पळी कोरडी. बोट फिरवलं तर (पळी गार झाल्यावर!) काही लागता कामा नये. पांढरा थर राहिला तर त्यात सोडा किंवा दुसरं काहीतरी मिसळलंय, गोणी परत करा. लॅबच्या कागदावर विश्वास ठेवाच, पण ही पळीही एकदा तापवून बघा.

यातूनच एक गंमत निघते. इतर रसायनं जुनी झाली की खराब होतात. एबीसी जुना झाला की कमी होतो. तोंड नीट न बांधलेली पंचवीस किलोची गोणी मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडली तर जूनमध्ये काट्यावर हलकी भरते. जो उडाला तो पूर्ण उडाला, मागे राहिला तो बहुतेक एबीसीच असतो. फक्त सुटताना जे पाणी निर्माण झालं त्याने आणि पावसाळी दमटपणाने माल बसतो, गोणी दगडासारखी होते. अशी बसलेली गोणी मूर्तीच्या कामाला बिनधास्त चालते, हातोडीने फोडून घ्या. व्यापारी ती स्वस्तातही देईल, विचारून बघा.

बेकरीत याचं एवढं का चालतं, तर तेही हेच. खाण्याचा सोडा भट्टीत वायू देतो पण मागे सोडियम कार्बोनेट ठेवतो. जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि रंग पिवळट पडतो. एबीसी काही ठेवत नाही. भट्टीत कणकेचा गोळा तापायला लागताच सगळा वायू होऊन निघून जातो, म्हणून बिस्किट पसरतं आणि कुरकुरीत होतं. नानकटाईला वरून त्या भेगा पडतात त्यातही कित्येक बेकऱ्यांत याचा हात असतो. पण हे फक्त पातळ आणि कोरड्या मालाला जमतं. केक जाड आणि ओला. अमोनिया आतल्या ओलाव्यात अडकतो आणि केकला असा वास येतो की खाववत नाही. म्हणून केकमध्ये हा कधीच घालत नाहीत. घरी नानकटाई करणाऱ्यांनी बेकरीवाल्याकडून चिमूटभर ‘अमोनिया’ आणला असेल, तर कच्ची कणीक चाखू नका आणि भट्टी किंवा ओव्हन उघडताना तोंड पुढे नेऊ नका.

बाकी उपयोग पटकन सांगतो. स्पंज रबरात पोकळ्या पाडायला. सिरॅमिकमध्ये छिद्रं ठेवायला: भुकटीत एबीसीचे दाणे मिसळून दाबायचं, तापवलं की दाणे उडतात आणि त्यांची जागा मोकळी राहते. काही धातूंची कार्बोनेटं द्रावणातून खाली बसवायला. ती भाजली की स्वच्छ ऑक्साइड मिळतं, सोडियमचा कचरा राहत नाही. औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये, जिथे नमुना सुकवल्यावर बफरचा, म्हणजे द्रावणाची आम्लता स्थिर ठेवायला घातलेल्या क्षाराचा, मागमूसही नको असतो. चीनमध्ये तर एके काळी शेकडो लहान कारखाने हा क्षार थेट शेतीचं खत म्हणून बनवत, यात १७.७ टक्के नायट्रोजन असतो. सगळीकडे मागणी एकच: काम कर आणि जा.

आता मूर्ती. इथे मात्र तो जात नाही, आणि म्हणूनच तुमचा हिशेब चुकू शकतो.

पीओपी म्हणजे जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलेली भुकटी. साच्यात पाणी घातलं की ती ते पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम होते. म्हणजे वाळलेली मूर्ती ही रासायनिकदृष्ट्या जिप्समच, कॅल्शियम सल्फेट. जिप्सम पाण्यात अजिबात विरघळत नाही असं नाही, लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. पण दोन किलोच्या मूर्तीला त्या हिशेबाने आठशे लिटरच्या वर पाणी हवं, तेही ढवळत ठेवलेलं. म्हणून विहिरीत, तलावात मूर्ती वर्षभर तशीच बसते आणि समुद्रातली दुसऱ्या दिवशी ओहोटीला वाळूवर परत येते.

एबीसीच्या पाण्यात होते ती अदलाबदल. ते दोन-अडीच ग्रॅम विरघळलं की त्यातला कॅल्शियम पाण्यातल्या कार्बोनेटशी जोडी जमवतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतो, कारण हे कार्बोनेट जिप्समपेक्षा कितीतरी पट कमी विद्राव्य. जागा रिकामी झाली की मूर्तीतून आणखी दोन-अडीच ग्रॅम सुटतं. असं करत करत सगळी मूर्ती संपते. सल्फेट अमोनियमबरोबर जाऊन अमोनियम सल्फेट होतं, ते पाण्यातच राहतं. उरलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी निघतो. तेव्हा मूर्ती ‘विरघळते’ हे सोयीचं बोलणं झालं. खरं म्हणजे तिचा खडू होतो आणि पाण्याचं खत.

ही कल्पना नवी नाही. झारखंडातल्या सिंद्रीच्या खत कारखान्यात १९५१ पासून जिप्सम आणि अमोनियम कार्बोनेट यांच्यातूनच अमोनियम सल्फेट काढत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, तेच रसायनशास्त्र बादलीत आणलं आणि २०१६ च्या सुमारास पुणे महापालिकेने घरगुती विसर्जनासाठी ही भुकटी वाटायला सुरुवात केली. मला स्वतःला हे फार आवडलं होतं. कारखान्यातली प्रक्रिया बाल्कनीत उतरलेली रोज बघायला मिळत नाही.

प्रमाण. कागदावरच्या गणिताने एक किलो वाळलेल्या प्लास्टरला ९२० ग्रॅम एबीसी पुरतो. थोडा उडतो, थोडा गोणीत आधीच उडालेला असतो, म्हणून मूर्तीच्या वजनाइतका घ्या आणि वर दहा टक्के. तुमच्या पंधरा मूर्तींचे तीस किलो धरले तर तेहतीस किलो, म्हणजे पंचवीसच्या दोन गोण्या. कमी घातला तर मूर्ती अर्धी विरघळून थांबते, मग कितीही दिवस ठेवा. लोक पाकिटावरचं ‘एका बादलीला एक पाकीट’ वाचून हेच करतात आणि रसायनाला शिव्या घालतात. बादली मोजू नका, मूर्ती वजन करा. पाणी किलोमागे सहा-आठ लिटर, मूर्ती पूर्ण बुडेल एवढं.

पाणी साधं नळाचं घ्या, गरम तर मुळीच नको. गरम पाण्यात एबीसी मूर्तीपर्यंत पोचायच्या आधीच हवेत जातो. तो विरघळताना उष्णता ओढून घेतो, त्यामुळे पाणी चांगलंच गार पडतं आणि आपल्याकडच्या सप्टेंबरच्या दमट हवेत ड्रमला बाहेरून घाम फुटतो. काही बिघडलं नाही, हीच खूण आहे. भुकटी थोडी थोडी टाकत ढवळा, नाहीतर तळाशी ढेकूळ बसतं.

उत्तरपूजा झाल्यावर हार, दूर्वा, कापड, खोटे दागिने, सगळं काढून घ्या. निर्माल्याचा कलश वेगळा. मूर्ती ड्रममध्ये आडवी सोडा. उभी सोडली तर पोकळीत हवा अडकते आणि ती तरंगत राहते. ऑइल पेंटचा जाड थर असेल तर पाणी आत शिरत नाही. अशा वेळी मागच्या बाजूने, तळाकडून, रंग खरवडावा लागतो किंवा दोन-चार भोकं पाडावी लागतात. बऱ्याच घरांत हे कोणाच्या हातून होत नाही, आणि ते मला समजतं. तळाला भोक असलेली मूर्ती सुरुवातीलाच निवडली तर हा प्रसंग येत नाही, पुढच्या वर्षी बुकिंग करताना मूर्तिकाराला तेवढं विचारा.

दर तीन-चार तासांनी लाकडी काठीने ढवळायचं. नुसतं पाणी हलवून भागत नाही, काठी मूर्तीच्या अंगावरून हलकी फिरली पाहिजे, कारण तयार झालेला खडू तिथेच पापुद्र्यासारखा बसून आतल्या जिप्समला पाण्यापासून तोडतो. अशी निगा ठेवली तर दोन-तीन दिवसांत काम होतं. शेवटी तळाशी पांढरा गाळ, रंगाचे पापुद्रे आणि मूर्तीत घातलेला काथ्या राहतो. काथ्या विरघळत नाही, तो काढून टाका.

ड्रम प्लास्टिकचा. तांब्या-पितळेचं भांडं, घंगाळ, बोटभर लांबीची पितळी तोटीसुद्धा या पाण्यात नको. अमोनिया तांब्याला खातो. झाकण घट्ट लावू नका. एक किलो प्लास्टरमागे जवळपास दीडशे लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, तीस किलोमागे चार हजार लिटरच्या वर. वर जाळी किंवा सैल ठेवलेली फळी पुरे.

मूर्ती शाडूची असेल तर हे सगळं व्यर्थ. शाडू साध्या पाण्यात बसतो, त्यात एबीसी घालणं म्हणजे पैसे ओतणं. ओळखायचं कसं? तळाला नखाने किंवा चावीने खरवडा. पीओपी पांढराशुभ्र निघतो आणि मूर्ती वाजवली तर पोकळ वाजते. शाडू राखाडी आणि हाताला जड.

खायच्या सोड्याचं विचारलंत. रसायनशास्त्र म्हणाल तर तोही हीच अदलाबदल करतो, ‘अजिबात चालत नाही’ असं जे लोक ठोकून देतात ते खरं नाही. पण तो पाण्यात एबीसीच्या निम्म्याहून कमी विरघळतो, काम रेंगाळतं, आणि शेवटी पाण्यात सोडियम सल्फेट राहतं. ते कुठल्याच झाडाला नको, सोडियमने मातीची वाट लागते. त्यामुळे विषय तिथेच संपतो. नवसागर मात्र नाही म्हणजे नाही. कल्हईवाल्याकडचा नवसागर हा अमोनियम क्लोराइड, त्यात कार्बोनेटच नाही, मग खडू बनणार कशाचा? युरियाचंही तसंच. दुकानदार ‘अमोनियाच आहे, घ्या’ म्हणून यातलं काहीही माथी मारतो, म्हणून गोणीवर पूर्ण नाव वाचा.

वासाबद्दल. कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा हवेत अमोनिया दहा लाखांत पंचवीस भाग अशी धरतात. आपल्या नाकाला तो त्याहून बऱ्याच कमी प्रमाणात कळतो, म्हणजे वास आला की लगेच विषबाधा झाली असं नाही. डोळे चुरचुरायला लागले तर मात्र तिथून बाजूला व्हा, तीच खरी सूचना. दमेकरी माणसाने ढवळायला जाऊच नये. गोणी उघडणाऱ्याने चष्मा आणि हातमोजे घालावेत.

आणि आता गच्ची. ताई, गच्ची नको. एक तर ऊन: तापलेल्या ड्रममधून एबीसी उडतो आणि मूर्ती तशीच राहते. दुसरं, पाण्याच्या टाक्या तिथेच असतात. अमोनिया पाण्यात अतिशय सहज शिरतो आणि पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन खाऊन टाकतो. टाकीच्या झाकणाशेजारी असले ड्रम ठेवायचे नाहीत. तळघरातलं पार्किंग, जिन्याखालची जागा, बंद बाथरूम हेही बाद. तळमजल्यावर कंपाउंडची सावलीची, वारा खेळणारी बाजू बघा, मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब.

यात सगळ्यात महत्त्वाचं एकच, आणि ते वॉचमनला आणि सफाईवाल्या दादांना स्वतः जाऊन सांगा: या पाण्यात, गाळात किंवा ते ओतलेल्या मोरीत ब्लीचिंग पावडर, फिनेलच्या नावाने येणारं क्लोरीनवालं लिक्विड किंवा तसलं काही टाकायचं नाही. अमोनिया आणि क्लोरीन मिळून क्लोरामाइनचे वायू होतात, ते छातीत बसतात. विसर्जनानंतर जागा धुवायला लोक हमखास ब्लीचिंगच काढतात. धुण्याचा सोडा, चुना आणि कॉस्टिकही लांब ठेवा, ते पडले की अमोनिया एकदम उसळतो. आमच्या गोदामांत एबीसी आणि सोडियम नायट्राइट शेजारी रचायचे नाहीत हा नियम आहे. तुमचा त्याच्याशी संबंध येणार नाही, पण सोसायटीत कोणाचा रसायनांचा धंदा असेल तर त्याला ठाऊक असू दे.

खताचं पाणी. इथेच लोकांना अर्धवट सांगितलं जातं. अमोनियम सल्फेट हे खत आहेच, २१ टक्के नायट्रोजन आणि वर गंधक. पण किती? तीस किलो प्लास्टरमधून तेवीस किलोच्या आसपास अमोनियम सल्फेट तयार होतं. तुमच्या दोन-अडीचशे लिटर पाण्यात ते लिटरला शंभर ग्रॅमच्या घरात जातं. हे थेट कुंडीत ओतलंत तर झाड चार दिवसांत करपेल. कुंड्यांना लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास बस झालं, म्हणजे सगळं पाणी पातळ करायचं तर साडेअकरा हजार लिटर पाणी हवं. टँकरपेक्षा जास्त! हिरवळीवर टाकायचं म्हटलं तरी चौरस मीटरला पाच ग्रॅम नायट्रोजनच्या हिशेबाने हजार चौरस मीटर हिरवळ लागेल. मुलुंडमध्ये ज्या सोसायटीकडे एवढी हिरवळ आहे तिने बिल्डरला ती अजून दाखवलेली नसावी.

रंगाचंही बघावं लागतं. सोनेरी रंगात बहुतेकदा पितळेची भुकटी असते. अमोनियाचं पाणी तिच्यातलं तांबं उतरवतं आणि पाण्याला निळसर झाक येते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरा. निळी छटा दिसली तर ते पाणी कुठल्याच झाडाला नको. दिसली नाही तरी कढीपत्ता, पुदिना, मिरची असल्या खायच्या झाडांना घालू नका, कारण बाकीच्या रंगांत काय होतं ते आपल्याला सांगायला कोणी येणार नाही. गाळाचं तेच. खडू आहे म्हणून त्याचे फळ्याचे खडू करून मुलांच्या हातात देण्याची टूम अधूनमधून निघते. बिनरंगी मूर्तीचा गाळ असेल तर खुशाल करा. रंगवलेल्या मूर्तीचा गाळ कापडावर गाळून, वाळवून, गोणीत भरून विभाग कार्यालयाला विचारून सुपूर्द करा.

तुमच्या जागी मी काय करीन, तर पंधराच्या पंधरा मूर्ती ड्रममध्ये सोडणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांनुसार मूर्ती पीओपीच्या नसाव्यातच. २०२५ च्या उत्सवात उच्च न्यायालयाच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच झालं. मुंबईत असे तलाव आता दोनशेच्या वर आहेत आणि तुमच्या वॉर्डातही आहेत. मोठ्या आणि ऑइल पेंटवाल्या मूर्ती तिकडे न्या. ज्या तीन-चार घरांत मूर्ती लहान आहे, रंग साधा आहे आणि घरातलं कोणी आजारी किंवा वयस्क म्हणून बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी एक ड्रम ठेवा. सहा-सात किलो प्लास्टर, सात-आठ किलो एबीसी, पन्नास लिटर पाणी. एवढ्याचं पाणी महिना-दीड महिन्यात थोडं थोडं पातळ करून कंपाउंडच्या अशोक-गुलमोहराला सहज जिरतं.

एवढ्यासाठी टेक्निकल ग्रेडची एक गोणी पुरते, फूड ग्रेडचे जास्त पैसे मोजू नका. ऑनलाइन किलोकिलोची पाकिटं गोणीच्या मानाने फार महाग पडतात. मशीद बंदरला वडगादीत चौकशी केलीत तर सुटी गोणी मिळेल. सोसायटीच्या नावाने बिल घ्या, आतली प्लास्टिकची पिशवी शाबूत आहे का ते बघा, आणि टॅक्सीच्या बंद डिकीत घालून उन्हात मुलुंडपर्यंत आणू नका, टेम्पोने सकाळी मागवा. विसर्जनाच्या आठवडाभर आधीच घ्या, गणपती बसायच्या महिनाभर आधी नको.

अर्ध्याहून जास्त गोणी उरेल. ती पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, एप्रिल-मे तिला निम्मी करेल आणि जिथे ठेवाल ती खोली वासाने भरेल. टेक्निकल ग्रेड आहे, तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीला देण्याचा मोह तर अजिबात नको. माळ्याला द्या आणि सांगा की वरून फेकायचं नाही: झाडाच्या बुंध्यापासून हातभर लांब चार बोटं खोल चर काढायचा, मोठ्या झाडाला दोन मुठी टाकायचा, लगेच माती ओढायची आणि वर पाणी द्यायचं. उघडा राहिला तर अर्धं खत संध्याकाळपर्यंत हवेत गेलेलं असेल.